वाशिमला किती घरं हवीत?

मंडळी, आज एक साधा प्रश्न. वाशिम शहराला पुढच्या आठ वर्षांत किती घरं लागणार आहेत? मोघम नको, आकडा सांगा. त्यातली रोजमजुराला परवडतील अशी किती, पगारदाराला किती, भाड्याने किती? आणि ती नेमकी कुठल्या गट नंबरात उभी राहणार?

नाही सांगता येत ना? हरकत नाही, ते तुमचं काम नव्हे. पण ज्यांचं काम आहे त्यांना तरी कोणी कायद्याने हा प्रश्न विचारतं का? माझं म्हणणं असं आहे की कोणी विचारत नाही, आणि आपल्याकडच्या घरांच्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

आता पुण्यातले मित्र म्हणणार, "वाशिम? तिकडे कसला आलाय घरांचा प्रश्न? जागाच जागा पडलीये की!" थांबा. तिथे येतोच आहे.

ज्यांना वाशिम फक्त अकोला-पूर्णा मार्गावरचं स्टेशन म्हणून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 1 जुलै 1998 ला अकोला जिल्हा फोडून हा जिल्हा झाला. तालुके सहा: वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160, त्यातले शहरात राहणारे जेमतेम 17-18 टक्के. वाशिम शहर 78,387. 2018 साली केंद्राने देशातले 'आकांक्षित' जिल्हे निवडले, त्यात महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादसोबत आमचा नंबर लागला. (मागास म्हणायला संकोच वाटला की आकांक्षित म्हणायचं. असो.)

आता जरा विमानाने जाऊ. कॅलिफोर्नियातलं क्युपर्टिनो. आपल्यापैकी निम्म्यांचे कलीग तिथे आहेत, ॲपलचं मुख्यालय तिथलंच. लोकसंख्या साधारण 60 हजार, म्हणजे वाशिमपेक्षा लहान गाव! या गावाला राज्याच्या कायद्यानुसार एक आकडा मिळालाय: 2023 ते 2031 या काळात 4,588 घरांसाठी जागा दाखवा. त्याचीही फोड ठरलेली आहे. अगदी कमी उत्पन्नवाल्यांसाठी 1,193, कमी उत्पन्नवाल्यांसाठी 687, मध्यम 755 आणि त्यावरच्यांसाठी 1,953. हा कायदा 1969 पासूनचा आहे. प्रत्येक गावाने आपल्या आराखड्यात सांगायचं की ही घरं कुठल्या प्लॉटवर बसतील आणि तिथे बांधायला आमच्याच नियमांची आडकाठी येणार नाही.

क्युपर्टिनोने ते वेळेत केलं का? नाही! जानेवारी 2023 ची मुदत हुकली. मग कोर्टकचेरी झाली. आणि तिथल्या कायद्यात अशी तरतूद आहे की आराखडा मान्य नसेल तर बिल्डर काही टक्के स्वस्त घरं ठेवून गावाच्या झोनिंगला न जुमानता अर्ज करू शकतो. असे अर्ज आलेसुद्धा. शेवटी 2024 साली गावाने मुकाट्याने आराखडा पूर्ण केला. इंग्लंडमध्येही असंच. कौन्सिलने पुढच्या पाच वर्षांच्या घरांना पुरेल एवढी जमीन दाखवायची, नाही दाखवली तर बिल्डर अपिलात जिंकण्याची शक्यता वाढते.

कॅलिफोर्नियात किंवा लंडनमध्ये घरं स्वस्त झालीत असं मी म्हणत नाहीये. तिथली भाडी ऐकून आपले लोक रडतात. आकडा म्हणजे घर नव्हे, कबूल. पण आकडा असला की चुकारांना पकडता येतं. आकडाच नसेल तर कोण चुकलं हेसुद्धा कळत नाही, आणि मग सगळेच पास!

आपल्याकडे काय आहे? योजना आहेत, रग्गड आहेत. प्रधानमंत्री आवास ग्रामीण आणि शहरी, अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, 2023 पासून ओबीसींसाठी मोदी आवास. या योजनांनी काही केलं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. टिनपत्र्याच्या आणि मातीच्या घरातून पक्क्या घरात गेलेली कुटुंबं आमच्याकडे गावोगावी दिसतात. घरकुल ही खरी गोष्ट आहे आणि त्याबद्दल कौतुक केलंच पाहिजे.

पण घरकुल योजना चालते कशी ते बघा. वरून उद्दिष्ट येतं. ते जिल्ह्याला, तालुक्याला, ग्रामपंचायतीला वाटलं जातं. खाली एक यादी असते. पहिली 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेतून आलेली 'ब' यादी. त्यातून सुटलेल्यांसाठी 2018-19 च्या सर्वेक्षणातली 'ड' यादी. मग 2024 च्या नव्या सर्वेक्षणातली यादी. ज्याचं नाव यादीत तो पात्र. नाव नाही तो पुढच्या सर्वेक्षणापर्यंत ग्रामपंचायतीत चकरा मारणार.

आपल्या भाषेत सांगतो. एखाद्या सिस्टीमवर किती लोड येणार हे ठरवताना आपण फक्त यशस्वी लॉगिन झालेले युजर मोजतो का? ज्यांचं पेज उघडलंच नाही, ज्यांचा ओटीपी आला नाही, जे कंटाळून निघून गेले, ते मोजायचेच नाहीत? असं कपॅसिटी प्लॅनिंग कोणी केलं तर मॅनेजर त्याला मीटिंगमधून हाकलेल. घरांच्या बाबतीत मात्र अर्ज करू शकले ते लाभार्थी, आणि लाभार्थी म्हणजेच गरज! बाकीचे अस्तित्वातच नाहीत.

निकषांचंही तेच. ग्रामीण आवास योजनेत 2016 पासून कित्येक वर्षं घरात मोटरसायकल असली तर कुटुंब बाद. फ्रिज असला तर बाद. मालेगावच्या एमआयडीसीत किंवा वाशिमच्या बाजार समितीत कामाला जायला माणसाने सेकंडहँड गाडी घेतली की त्याचं मातीचं घर सरकारी कागदावर पक्कं झालं! दुचाकीची अट काढायला 2024 उजाडलं. ज्या दिवशी अट निघाली त्या दिवशी गावात एकही कच्चं घर नव्याने उभं राहिलं नाही, पण 'गरज' मात्र वाढली. गरज मोजण्याची ही कुठली पद्धत?

आता जागेबद्दल

"जागाच जागा पडलीये" हे वाक्य मला फार आवडतं. शेतजमीन आणि घर बांधायची जागा यात किती अंतर आहे ते ज्याला माहीत नाही तोच हे बोलू शकतो. शहरी योजनेत देशभर सगळ्यात मोठा वाटा आहे 'स्वतःच्या जागेवर स्वतः बांधा' या प्रकाराचा. महाराष्ट्रात त्याला केंद्राचे 1.5 लाख आणि राज्याचा 1 लाख मिळत आले. ग्रामीण योजनेतही तुमच्याकडे जागा हवी. थोडक्यात, ज्याच्याकडे जागा आहे त्याला घर. ज्याच्याकडे जागाच नाही, म्हणजे सगळ्यात गरीब, त्याला काय? त्याचं नाव यादीत असूनही काम अडून राहतं, कारण बांधायचं कुठे?

यावर उपाय म्हणून राज्याने 2015 साली पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना काढली. 500 चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी 50 हजार आणि 2024 पासून 1 लाख. छान आहे. पण 500 चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठाही नाही. गावठाणात रिकामी जागा नाही आणि गावठाणाबाहेर शेती, तिथे तुकडेबंदीचा कायदा! म्हणजे सरकार एका हाताने पैसे देणार आणि दुसऱ्या हाताने खरेदी अडवणार. 2024 साली घरकुलासाठी अशा छोट्या खरेदीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने सूट दिली गेली. म्हणजे आता मजुराने काय करायचं? जमीन विकायला तयार शेतकरी शोधायचा, भाव जमवायचा, परवानगीचा अर्ज करायचा, मोजणी करून घ्यायची, रजिस्ट्री करायची, मग घरकुलाचा हप्ता मागायचा. हे सगळं रोजी बुडवून. अहो, आपल्याला फ्लॅटचं ॲग्रीमेंट करताना वकील लागतो!

खरं तर हे काम एकेका मजुराचं नाहीच. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम 122 ने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. गावात भूमिहीन किती ते ग्रामसभेला तोंडपाठ असतं. ही दोन टोकं जोडली तर एकेका गावात 20-30 प्लॉटचं गावठाण वाढवता येतं, रस्ता, पाणी, नालीसकट. ती जोडायची सक्ती कुठे नाही, म्हणून ती सुटीच राहतात.

मानोरा तालुक्यातले तांडे बघा. पोहरादेवीला देशभरातून बंजारा समाज येतो, नेते येतात, 2024 च्या ऑक्टोबरात पंतप्रधान येऊन बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन करून गेले. वारसा जपलाच पाहिजे. पण तांडे मूळ गावठाणापासून लांब, कित्येकदा सरकारी नाहीतर वनजमिनीवर वसलेले असतात. पिढ्यान् पिढ्या राहूनही घराखालची जमीन नावावर नाही. संग्रहालयाला जागा सापडते तशी या घरांनाही सापडली पाहिजे की नको?

गायरानावर राहणाऱ्यांची तर दोन्हीकडून कोंडी. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा म्हणून सांगितलं. 2022 साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा विषय हाती घेतला आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. त्याच सरकारच्या 'सर्वांसाठी घरे' धोरणात मात्र अशी राहती घरं नियमित करायची भाषा. न्यायालयाचं चुकलं असं म्हणता येत नाही, गायरान गुराढोरांचं आणि गावाचं आहे. पण गायरानावर माणूस हौसेने जात नाही. गावात कायदेशीर जागा नव्हती म्हणून तो तिथे गेला. ती जागा ठेवायचं काम ज्यांचं होतं त्यांना कोणी नोटीस दिली?

446 रुपये फूट

आता जागा आहे असं धरून चालू. ग्रामीण योजनेचं अनुदान सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार. 2016 साली तेवढंच होतं आणि 2024 साली योजना 2029 पर्यंत वाढवली तेव्हाही तेवढंच ठेवलं. घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 चौरस फूट. भागाकार करा: 446 रुपये चौरस फूट. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी (2025-26 च्या 312 रुपये दराने 28,080) धरली तरी 595 च्या वर जात नाही. राज्याने 2025 मध्ये 50 हजार वाढवून दिले, त्यातले 15 हजार सौर पॅनेलचे. पाच ब्रास रेती फुकट द्यायचंही ठरलं. बरं केलं. पण तुमच्या ओळखीच्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा, या पैशात तो काय बांधून देईल. उरलेले पैसे येतात सावकाराकडून, बचतगटाच्या कर्जातून, नाहीतर मुंबई-पुण्याला इमारतींवर काम करून. म्हणजे दुसऱ्यांचे टॉवर बांधून आपलं 269 फुटांचं घर पूर्ण करायचं. अर्धवट भिंतींची घरकुलं दिसली की "पैसे खाल्ले" म्हणणं सोपं असतं. भागाकार करणं त्याहून सोपं आहे, तो आधी करा.

शहरात काय?

जिल्ह्यात चार नगरपरिषदा आहेत: वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड. मालेगाव आणि मानोऱ्याला नगरपंचायती. यांच्यासाठी 1966 चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. विकास आराखडा करा, दर 20 वर्षांनी सुधारा. आराखड्यात काय असतं? पिवळा रंग रहिवासी, हिरवा शेती, शाळेचं आरक्षण, बागेचं आरक्षण. कायदा जमिनीचा वापर ठरवायला सांगतो. किती घरं, कोणाच्या खिशाला परवडणारी, हे सांगायची सक्ती करत नाही. आरक्षण टाकलं तरी दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक कलम 127 ची नोटीस देऊन ते सोडवून घेऊ शकतो. नगरपरिषदेकडे जमीन घ्यायला पैसे नसतात, मग आरक्षणं नकाशात राहतात आणि वीस वर्षांनी नवा नकाशा येतो.

2015 च्या शहरी आवास योजनेत मात्र एक चांगली गोष्ट होती. प्रत्येक शहराने मागणीचं सर्वेक्षण करून 'सर्वांसाठी घरे' कृती आराखडा करायचा असं मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं. पण मागणी म्हणजे शेवटी पात्र अर्जदारच धरले गेले, आणि या कृती आराखड्याला विकास आराखड्यातल्या जमिनीशी कायद्याने बांधलंच नव्हतं. एकाच शहराचे दोन आराखडे. एकात माणसं, जमीन नाही. दुसऱ्यात जमीन, माणसं नाहीत! आपल्याकडे दोन टेबलं अशी ठेवली आणि मध्ये फॉरेन की नसली तर कोड रिव्ह्यूमध्ये काय होईल?

आणखी एक गंमत. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या लेआउटमध्ये 20 टक्के छोटे प्लॉट किंवा छोटी घरं गरिबांसाठी ठेवायचा नियम आहे. उत्तम नियम. पण तो दहा लाखांवरच्या लोकसंख्येच्या महानगरांना. वाशिम, कारंजा, रिसोड त्यात बसतच नाहीत. छोट्या गावात जमीन स्वस्त असते, तिथे हा नियम पाळणं उलट सोपं. तिथेच तो नाही.

मग शहर वाढतं कसं? शेत एनए होतं, चुन्याची फक्की मारून लेआउट पडतो, आणि प्लॉट घेतो कोण? बऱ्याचदा आपलेच लोक. हिंजवडीतला, मगरपट्ट्यातला, न्यू जर्सीतला गाववाला 'इन्व्हेस्टमेंट' म्हणून गावाकडे दोन प्लॉट टाकून ठेवतो. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण प्लॉटवर दहा वर्षं गाजरगवत उगवतं, आणि त्याच रस्त्यावर गावात नव्याने आलेली नर्स, बँकेतला क्लार्क, कॉलेजची पोरं भाड्याची खोली शोधत फिरतात. ज्याला एनए प्लॉट परवडत नाही तो स्टॅम्पपेपरवर गुंठा घेतो. मग गुंठेवारी कायदा येतो. 2001 साली केला, 1 जानेवारी 2001 पर्यंतचं नियमित. 2021 साली दुरुस्ती केली, 31 डिसेंबर 2020 पर्यंतचं नियमित. आधी नियोजन करायचं नाही आणि वीस वर्षांनी दंड घेऊन माफ करायचं, हेच आपलं गृहनिर्माण धोरण!

"सरकारी यंत्रणेला एवढं सगळं मोजणं झेपणार नाही" असं म्हणणाऱ्यांना एकच उत्तर: समृद्धी महामार्ग. 701 किलोमीटर, आमच्या कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. कुठल्या गटातली किती जमीन, कोणाच्या नावावर, विहीर किती, झाडं किती, सगळं मोजलं गेलं. इंटरचेंजजवळ नवनगरं वसवायची कल्पनासुद्धा कागदावर आली. 2020 च्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणातलं घरन् घर नकाशावर घ्यायला सुरुवात झाली. म्हणजे मोजता येतं. ज्याची मोजणी हवी असते त्याची होते.

मग करायचं काय?

नुसतं शिव्या घालून थांबायचं नाही म्हणून यादी देतो. यातल्या एकाही गोष्टीला रॉकेट सायन्स लागत नाही.

1. प्रत्येक नगरपरिषदेने दर पाच वर्षांनी घरांची गरज जाहीर करावी. सूत्र सोपं आहे: नवी होणारी कुटुंबं + मोडकळीला आलेली घरं + एका खोलीत दोन संसार करणारे, वजा वापरात येऊ शकणारी रिकामी घरं. उत्पन्न गटानुसार फोड आणि भाड्याच्या घरांचा वेगळा रकाना. अर्ज केला की नाही याच्याशी संबंध नाही. 2027 च्या जनगणनेच्या घरयादीतून हा डेटा निघू शकतो.

2. त्या आकड्यासमोर विकास आराखड्यात गट नंबर असावेत. आकडा आणि जमीन जुळली नाही तर आराखडा मंजूरच होऊ नये.

3. प्रत्येक ग्रामपंचायतीने 'यादीत नाव आहे पण जागा नाही' अशांचा वेगळा ठराव करावा, आणि त्यावर ठरलेल्या मुदतीत गावठाण वाढवण्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी द्यावा. 'नाही' असेल तर का नाही, तेही लेखी.

4. छोट्या शहरांतल्या लेआउटलाही छोट्या प्लॉटचा नियम लावा. 20 टक्के नको वाटत असेल तर 10 करा, पण लावा.

5. हे सगळं जिल्हा नियोजन समितीपुढे दरवर्षी यावं. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा आराखडा करणं हे राज्यघटनेच्या कलम 243 झेडडी ने या समितीचं कामच आहे. आपल्या राज्याचा त्यासाठीचा कायदा 1998 चा, म्हणजे वाशिम जिल्ह्याच्याच वयाचा. समितीच्या बैठकीची बातमी मात्र दरवर्षी 'इतक्या कोटींच्या आराखड्याला मंजुरी' एवढीच येते. कोटी कळतात, घरं कळत नाहीत.

कोणी म्हणेल, पोरं गाव सोडून चाललीत, तिथे घरं मोजून काय करायचं? अहो, गेलेली पोरं मोजू नका, राहिलेली मोजा. आणि गेलेल्यांपैकी किती जण परवडणारं, नावावरचं घर असतं तर गेलेच नसते, हेही कधीतरी विचारा.

डिसेंबर 2025 मध्ये राज्यभरच्या नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. बऱ्याच ठिकाणी त्याआधी वर्षानुवर्षं प्रशासक होता, तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. आता वॉर्डात नाव आणि फोन नंबर असलेला नगरसेवक आहे. दिवाळीला गावी जाल तेव्हा रस्ता आणि नालीबद्दल बोलाच, पण त्याला एवढं एक विचारा: "आपल्या गावाला किती घरं लागतात, आणि त्यांची जागा कुठे?" तो गोंधळेल, ते साहजिक आहे. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारा. तिसऱ्या वर्षी तो मुख्याधिकाऱ्यांना विचारेल.